हरिपूरच्या पेवातला अल्बम

इरावती मगदूमने ‘सुरुंग’ बँड सोडला ही बातमी दिवसभर सगळ्या पडद्यांवर फिरत होती. अकरा वर्षं त्या बँडची बास गिटार तिच्या हातात होती. कुणी म्हणालं भांडण झालं, कुणी म्हणालं परदेशी चालली, एकाने तर तिचं लग्नही ठरवून टाकलं. खरं कारण सांगलीजवळच्या हरिपुरात, तिच्या वडिलांच्या कानात होतं.

आप्पांची पंचाहत्तरी म्हणून ती दोन दिवस घरी आली होती. रविवारची सकाळ. आप्पा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. आयुष्यभर हळदीच्या व्यापारात काढलेला माणूस. कान अलीकडे साफ गेले होते. गेल्या दिवाळीला तिनेच त्यांना कानात घालायचं जुनं यंत्र बदलून नवं आणून दिलं होतं.

“इरू, तुझं ते आईवरचं गाणं मी रोज ऐकतो बघ,” आप्पा म्हणाले. “दुपारच्याला लावलं की काय छान डोळा लागतोय!”

इरावती चमकली. ते गाणं ऐकून कुणाचा डोळा लागणं अशक्य होतं. आई गेली त्या वर्षी तिने ते लिहिलं होतं आणि बँडचा गायक शार्दूल वाकणकर ते नरडं फाटेस्तोवर ओरडून म्हणायचा.

“मला ऐकू दे बरं, तुम्हांला कसं ऐकू येतं ते.”

तिने आप्पांच्या फोनवर त्यांच्या कानातली प्रत मोठ्याने लावली. बासरी सुरू झाली. मंद, गोड, नदीकाठच्या संध्याकाळीसारखी. मागे शार्दूलचा आवाज, पण कुजबुजल्यासारखा. ड्रम नाहीत. बास नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, मग पुन्हा पहिलं आलं आणि गाणं संपलं.

“आप्पा, यात माझी बास कुठंय?”

“बास म्हंजे?”

“मी वाजवते ते.”

आप्पांनी शेंग फोडता फोडता तिच्याकडे पाहिलं. “ही बासरी तू वाजवत न्हाईस व्हय? अगं, मी सगळ्या गावाला सांगून बसलोय, माझी पोरगी बासरी वाजवती म्हणून!”

ती हसली. मग तिने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

हे सगळं करणाऱ्या यंत्रणेला लोक ‘मर्जी’ म्हणत. कंपनीने तिला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तिचं शास्त्र मात्र कुणालाही कळावं इतकं सोपं होतं. मांजर कान टवकारतं तेव्हा कानामागचा एक स्नायू आखडतो. माणसाला कान टवकारता येत नाहीत, तरी तो स्नायू अजून आपल्या जागी आहे. एखादा आवाज मनापासून ऐकावासा वाटला की तो अगदी किंचित आखडतो आणि तिथे विजेची बारीकशी लहर उठते. आपल्याला ती जाणवत नाही, पण कानातल्या यंत्राला जाणवते. त्यात नाडीचे ठोके आणि कातडीवरचा घाम यांची मोजणी जोडली, की कुठला आवाज माणसाला हवा आणि कुठला नको हे त्याच्याआधी यंत्राला कळतं. मग यंत्र चालू गाणं उसवतं. गायकाचा आवाज एक धागा, ड्रम दुसरा, गिटार तिसरा. नको ते धागे काढून टाकायचे, हवे ते जाड करायचे, कमी पडले तर नवे कातायचे आणि गाणं पुन्हा विणायचं. हे सगळं पाव सेकंदात. दहा हजार माणसं एका मैदानात उभी असली तर दहा हजार गाणी वाजत. अर्धं गाणं टाकून देणं हा प्रकारच जगातून संपला होता.

आप्पांना गोंगाट नको होता, म्हणून मर्जीने ड्रम आणि बास काढले. त्यांना लहानपणी बासरी आवडायची, म्हणून तिने बासरी कातून घातली. आणि तिसऱ्या कडव्याला त्यांची नाडी घाबरून पळायला लागली असणार, म्हणून तिने ते कडवं काढून टाकलं.

तिसरं कडवं इस्पितळातल्या शेवटच्या दुपारचं होतं. इरावतीने आधी तेच लिहिलं होतं. बाकीचं गाणं तिथे पोचण्यासाठी होतं.

पुण्याला परतल्यावर ती थेट शार्दूलच्या सरावखोलीत गेली.

“किती लोकांना माझी बास ऐकू येते?” तिने विचारलं.

शार्दूल गिटारच्या तारा बदलत होता. तो थांबला. “कुणी सांगितलं तुला?”

“किती, शार्दूल?”

“शंभरात नऊ.” त्याने मान वर केली नाही. “माझं तरी काय मोठं? शंभरातल्या चाळीस जणांना माझा आवाज बाईचा करून ऐकू येतो. सवय होते गं. लोक खूश आहेत ना? कुणाचं काय बिघडतंय?”

“आणि आईच्या गाण्याचं तिसरं कडवं?”

“ते…” तो घुटमळला. “ते जवळजवळ कुणालाच जात नाही. फार दुखतं ते. यंत्र काढून टाकतं.”

“मग आपण अकरा वर्षं वाजवलं कुणासाठी?”

शार्दूल वाईट माणूस नव्हता. त्याने खरंच विचार केला आणि शेवटी पुन्हा तार पिळायला घेतली. इरावतीने आपली गिटार खोळीत घातली.

“मी चालले. आईचं गाणं माझं आहे, ते नेतेय. मी स्वतःचा अल्बम करणार. सगळ्यांना एकच ऐकू येईल असा.”

“वेडी आहेस का? तू कसाही केलास तरी जाणार मर्जीतूनच. ती तो उसवणारच. मर्जीशिवायचा कान आता उरलाय कुठे?”

“बघू,” ती म्हणाली. जिना ती दोन दोन पायऱ्या गाळून उतरत होती. अकरा वर्षांत इतकं हलकं तिला वाटलं नव्हतं.

शार्दूलचं म्हणणं मात्र खरं निघालं. महिनाभर खपून तिने तीन गाणी बांधली. पहिल्यांदाच स्वतः गायली. तिचा आवाज जाड, थोडा खरखरीत; तिला तो कधीच आवडला नव्हता. गाणी घेऊन ती मिरजेला यास्मिनकडे गेली.

यास्मिन सतारमेकर तिची शाळेपासूनची मैत्रीण. घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवलेले. यास्मिनने मात्र ध्वनिशास्त्र शिकून कानातल्या यंत्रांच्या चाचण्या घेण्याचं काम धरलं होतं. तिने गाणी तीन वेगवेगळ्या माणसांच्या कानांच्या नोंदींवर चालवून पाहिली. एकात सनई निघाली. दुसऱ्यात नुसतेच ड्रम. तिसऱ्यात इरावतीचा आवाज कोवळा, सोळा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता.

“ही मी नाहीच!” इरावती ओरडली.

“तू न्हाईसच,” यास्मिन शांतपणे म्हणाली. “हे बघ, यंत्राला धागे वेगळे दिसतात म्हणून ते उसवतंय. तुझा आवाज कुठं संपतो आणि बास कुठं सुरू होती, हे त्याला स्वच्छ कळतंय. स्टुडिओत सगळं कसं कोरडं, सुटं सुटं असतं ना? त्याला आयतंच मिळतंय.”

“आणि नाही कळलं तर?”

यास्मिन थांबली. “नाही कळलं तर ते हात लावत न्हाई. तसा नियमच आहे त्यात. बहिरी माणसंही हेच यंत्र वापरतात. गाडीचा भोंगा चुकून पुसला गेला तर जीव जाईल. म्हणून खात्री नसली की आवाज आहे तसा सोडायचा.” ती हळूहळू हसायला लागली. “पण इरा, इतका गुंता करायचा कुठं? साधा घुमारा ते सहज काढून टाकतंय.”

उत्तर सापडलं ते हरिपुरात. यास्मिन आप्पांना भेटायला आली होती. चहा घेऊन परसात गेली तर जमिनीत दगडी कडं आणि त्यावर फरशी.

“आप्पा, ही विहीर काय?”

“पेव हाय ते. हळदीचं.” आप्पांच्या आवाजात लगेच जोर आला. “खाली पंचवीस फूट. तोंड एवढंसं, पोट सोळा फूट रुंद. हळद भरायची, तोंड बंद करायचं. वर्षानुवर्षं किडा लागत न्हाई, आत हवाच न्हाई तर किडा जगतोय कसा? महापुरात गावातली कितीतरी पेवं ढासळली. आमचं हे एक टिकलंय.”

त्यांनी दोघींच्या मदतीने फरशी सरकवली. यास्मिन पोटावर पालथी पडली आणि तिने पेवाच्या तोंडाशी एक टाळी वाजवली. टाळी आत गेली, फिरली, जाड झाली आणि कितीतरी वेळ विरेना. वर आली तेव्हा ती टाळी वाटतच नव्हती. कुणीतरी लांबून हंबरल्यासारखं वाटलं.

यास्मिनने दोरीला माइक बांधून खाली सोडला आणि एका छोट्या पेटीतून एकेक स्वर आत वाजवत गेली. खाली खाली, जाड जाड. एका स्वराला पेव अचानक जागं झालं. कड्यावर ठेवलेल्या कपबशा किणकिणायला लागल्या.

“सेकंदाला एक्केचाळीस कंपनं!” यास्मिन ओरडली. “सोळा फुटांच्या गोल पोटात नेमका हाच स्वर फुगतोय. इरा, हा कुठला स्वर, सांग!”

इरावतीला सांगावं लागलंच नाही. तो बासच्या सगळ्यात जाड तारेचा स्वर होता. अकरा वर्षं शंभरातल्या नव्वदांवर माणसांना जी तार ऐकू आली नव्हती, तिच्याचसाठी कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी जमिनीत घर खणून ठेवल्यासारखं झालं होतं. तिने यास्मिनला उचलून गरागरा फिरवलं. आप्पांना काही कळलं नाही, पण तेही हसायला लागले.

बेत ठरला. सुटे सुटे धागे करायचेच नाहीत. एकच माइक, एकाच वेळी सगळं. बास, तिचा आवाज आणि हलगी. हलगीला कवठेपिरानचे संपत ऐवळे आले. पन्नाशीचा सडसडीत माणूस, लग्नाच्या वरातीपासून कुस्तीच्या फडापर्यंत सगळीकडे वाजवलेला. पेवात उतरून त्यांनी हलगीवर पहिली टिपरी मारली आणि दचकून वर पाहिलं.

“ताई, ही मीच वाजीवली का हो? मागनं चार जण वाजीवत्यात जणू!”

पेवातला कारभार सगळा आप्पांच्या हुकमाने चाले. बंद पेवात हवा मेलेली असते, तिच्यात उतरलेला माणूस बसल्या जागी आडवा होतो. त्यामुळे सकाळपासून तोंड उघडं, पंख्याने नळीवाटे आत हवा, मग दोरीला बांधून कंदील सोडायचा. कंदील नीट जळला तरच माणूस उतरायचा. ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद ठेवावा लागे, म्हणून एका वेळी पंधरा मिनिटं, त्यावर एक मिनिट नाही. कंदील खालीच राही. त्याच्या ज्योतीवर वरून आप्पांची नजर. कानातलं यंत्र पेवाच्या तोंडाशी शीळ घाली म्हणून ते काढून ठेवत आणि कड्यावर अनवाणी पाय टेकून बसत.

बारा दिवसांत सात गाणी झाली. इरावती वर येई तेव्हा केसांत, नखांत, घामात जुन्या हळदीचा वास असे. ती जेवताना ताटावर ठेका धरी, अंघोळ करताना ओरडून गाई. पेवात स्वतःचा तो जाड आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला रडू आलं होतं; जमीनच बोलतेय असा तो झाला होता.

आठवं गाणं आईचं. तेराव्या दिवशी दुपारी दोनला ती आणि संपत खाली उतरले. वरून यास्मिनने हात हलवला.

पहिलं कडवं तिने हळू घेतलं. दुसऱ्याला हलगी पेटली. तिसऱ्याच्या तोंडाशी तिने जाड तार मोकळी सोडली आणि पेव भरून आलं. डोळे मिटून ती गात होती. इस्पितळाची खोली, पाटीवरचं नाव, आणि आई सारखी म्हणतेय, खिडकी उघडा, मला अंगण बघू द्या. आणि खिडकीपलीकडे अंगण नाहीच, समोरच्या इमारतीची भिंत. तरी खिडकी कुणीतरी उघडली.

“इरू! वर ये!”

आप्पांचा आवाज वरून कोसळला. तिने डोळे उघडले. कंदिलाची ज्योत निळसर होऊन वातीला चिकटली होती. दोनच ओळी उरल्या होत्या. एक क्षणभर तिच्या मनात आलं, गाऊन टाकावं. तेवढ्यात तिला दिसलं की संपत तिच्याकडे बघत थांबलेत. ती गातेय तोवर तो माणूस तिला सोडून जाणार नव्हता. तिने तार दाबून बंद केली आणि ओरडली, “संपतदादा, आधी तुम्ही!”

दोघं वर आले तेव्हा धापा टाकत होते. यास्मिनने पाणी दिलं. “गाणं अर्धं राहिलं,” इरावती म्हणाली. “उद्या पुन्हा.”

 आप्पा अजून कड्याशीच बसले होते, दोन्ही तळहात जमिनीवर टेकवून. मग यंत्र कानात घालत म्हणाले, “ऐकू आलं मला.”

“यंत्राशिवाय?”

“पायातनं आलं, हातातनं आलं. शब्दबी कळले.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “ती खिडकी मी उघडली होती इरू. तू तर दाराबाहेर होतीस.”

“मी आत आले होते, आप्पा. तुमची पाठ होती माझ्याकडं.”

“मग बोलली का न्हाईस इतकी वर्षं?”

“गाण्यात बोलले होते,” ती म्हणाली. “तुमच्यापर्यंत आलं नाही.”

आप्पांनी तिला जवळ ओढलं. मर्जीने पाच वर्षं त्यांना त्या दुपारपासून जपलं होतं. आता ते परसात, उन्हात, भर दुपारी पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि मग डोळे पुसून म्हणाले, “भिंतीवर एक पारवा बसला होता. ते घातलं न्हाईस तू गाण्यात. तुझी आई त्याच्याकडंच बघत होती.”

इरावतीला पारवा माहीत नव्हता. संध्याकाळपर्यंत आप्पा तिला त्या दिवसाचं सगळं सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिने ते गाणं पुन्हा म्हटलं नाही. आप्पांच्या हाकेपाशी ते तुटतं, तसंच ठेवायचं ठरवलं.

मिरजेत यास्मिनच्या खोलीत चाचणी झाली. तीन कानांच्या नोंदी, तीन फोन. इरावती टेबलाची कड घट्ट धरून उभी होती. यंत्राने गाण्याला हात घातला. धागे शोधले. बास म्हणावी तर तिच्यात आवाज होता, आवाज म्हणावा तर त्यात हलगी होती आणि सगळ्यांत पेव होतं. खात्रीचा आकडा घसरत गेला, घसरत गेला आणि तिन्ही पडद्यांवर एकापाठोपाठ एकच ओळ उमटली: आवाज आहे तसा सोडत आहे.

दोघी इतक्या किंचाळल्या की शेजारच्या कारखान्यातून तंबोऱ्यांना रंग देणारे कारागीर हातात कुंचले घेऊन धावत आले.

‘पेव’ नावाचा अल्बम एका शुक्रवारी सकाळी जगासमोर आला. पहिल्या तासात लोक वैतागले. कुणी लिहिलं, माझं यंत्र बिघडलंय. कुणी लिहिलं, हे गाणं ऐकतच नाही माझं. निम्म्याहून अधिक लोकांनी ते पहिल्याच मिनिटाला बंद केलं. इरावती ते सगळं वाचत होती आणि तिला गंमत वाटत होती. कित्येक वर्षांत कुणी गाण्यावर रागावलं नव्हतं.

दुपारी शार्दूलचा फोन आला.

“मी आणि बायकोने बसून ऐकलं. एकत्र,” तो म्हणाला. “मग आमचं जाम भांडण झालं. तिला अजिबात आवडला नाही. मला तर इतका आवडलाय की वेड लागायची पाळी आलीये. इरा, आठ वर्षांच्या संसारात गाण्यावरून आम्ही पहिल्यांदा भांडलो. भांडायला एकच गाणं असावं लागतं, हे मी विसरूनच गेलो होतो.” मग जरा थांबून, “तो हलगीवाला मात्र जरा जास्तच वाजवतो.”

“हो, जास्तच वाजवतो,” ती म्हणाली. “आणि तू काहीही केलंस तरी कमी होणार नाही!”

दोघंही कितीतरी वेळ हसत राहिले.

महिन्याभराने, रविवारी दुपारी चार वाजता, हरिपुरात नदीजवळच्या माळावर तिचा पहिला एकटीचा कार्यक्रम झाला. मंचावरचा सगळा आवाज यास्मिनने तारेने पेवात सोडून तिथूनच माळावर आणला होता, म्हणजे मर्जीला तो उसवता येणार नव्हता. दोनशे माणसं येतील असा अंदाज होता. तीननंतर सांगलीच्या रस्त्याने गाड्यांची रांग लागली आणि माळ भरून वाहायला लागला. कोल्हापूरची पोरं होती, पुण्याच्या बायका होत्या, आप्पांच्या ओळखीचे हळदीचे व्यापारी पांढऱ्या टोप्यांत पुढच्या रांगेत. ती मंचावर आली आणि पुढच्या रांगेपासून मागच्या गाड्यांपर्यंत तिने एकदा पाहून घेतलं. या सगळ्यांनी एकच अल्बम ऐकला होता. काही चुकलं तर सगळ्यांना एकदमच कळणार होतं. या विचारानेच तिच्या अंगावर काटा आला, आणि तिने जाड तार छेडली.

लोक पहिल्या गाण्यापासून बरोबर म्हणत होते. असं तिने आजवर कधी पाहिलंच नव्हतं. ‘सुरुंग’च्या कार्यक्रमात जो तो आपापलं काहीतरी पुटपुटायचा. इथे चार हजार माणसं एका ओळीला श्वास घेत होती आणि एका ओळीला सोडत होती. संपत ऐवळेंनी तर हलगी डोक्यावर धरून नाचत नाचत वाजवली.

मग आईचं गाणं आलं. तिसरं कडवं. त्याची पहिली ओळ तिने लिहिली होती ती अशी: आई, तुझ्या माघारी दिवा जागा.

चार हजार गळ्यांतून आलं: “आई, तुझ्या माहेरी दिवा जागा!”

इरावती गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं. पेवाने ‘घा’ची कड झिजवून टाकली होती. ध्वनिमुद्रणात तो ‘हे’सारखा झाला होता आणि सगळ्यांना, अगदी सगळ्यांना, तो एकसारखाच चुकीचा ऐकू आला होता. पुढच्या रांगेत आप्पाही तोंड उघडून म्हणत होते, माहेरी.

संपतनी ठेका न सोडता भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं. ओळ पुन्हा येणार होती. सांगायचं का लोकांना?

तिने मोठा श्वास घेतला, माइकच्या आणखी जवळ गेली आणि आपल्या त्या जाड, खरखरीत आवाजात, चार हजार माणसांबरोबर म्हणाली, “माहेरी.”